चौदा सेंटीमीटर

फेब्रुवारीत काल्यो उठल्या उठल्या समुद्र मोजतो.
गिरमिटानं बर्फाला भोक, भोकात पट्टी,
चष्म्यावरची वाफ अंगठ्यानं पुसून
वहीत टिपतो: चौदा सेंटीमीटर.
मोटारीला निदान बावीस तरी हवेत.

आमच्या हीउमा बेटापासून पलीकडच्या काठापर्यंत
पूर्वी बर्फावरून रस्ता व्हायचा.
सीटबेल्ट सोडून बसायचं, असा नियमच;
बुडालोच तर झटकन बाहेर पडता यावं.
लग्नानंतरची आमची पहिली सफर ती.
मी डोळे गच्च मिटलेले, आणि हा पठ्ठ्या
थांबायची मनाई असताना मधोमध गाडी थांबवून म्हणाला,
"हेल्यू, उतर. ऐक. खाली कुणीतरी दळतंय."

हल्ली रस्ता होत नाही.
हा मोजतो.
येताना एखादा मासा आणतो, बोटाएवढा,
मांजर हुंगतं आणि माझ्याकडे बघतं.

एप्रिलात रानहंस. तो आणि एवाल्ड
टोकावरच्या दगडावर तीन-तीन तास,
मध्ये एक थर्मास, तोंडातून शब्द नाही.
एवाल्ड म्हणाला बाराशे, हा म्हणाला अकराशे चाळीस.
साठ पाखरांपायी
दोन म्हातारे पंधरा दिवस अबोला धरून होते.
मिटवलं शेवटी एवाल्डच्या बायकोनं,
रुबार्बचा केक धाडून. अर्धाच.

योहानाच्या रात्री शेकोटीला तेवीस माणसं.
चुलतभावाची कुजकी होडी पेटवली,
डांबर असं भडकलं की रास्मुसनं फोन खिशात ठेवला.
मारिका हेलसिंकीहून आलेली, नाइट ड्यूटीचे डोळे घेऊन,
बाकावर बसल्या बसल्या झोपली.
बापानं तिच्यावर कोट टाकला
आणि जाऊन सॉसेज मोजले.

जुलैत कबरस्तानचा रविवार.
आमच्याकडे जिवंत नातेवाईक मेलेल्यांकडे भेटतात.
डिकीत केक, बादलीत बेगोनिया,
तिनिसचं नवं लग्न, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन.
सगळे पांगले की काल्यो दाताळं घेतो,
आईच्या कबरीभोवती वाळूवर रेघा ओढत
उलटा उलटा चालत बाहेर येतो,
स्वतःचं पाऊल मागे राहू नये म्हणून.

अळंब्यांची जागा मात्र मलाही सांगत नाही.
सेहेचाळीस वर्षं एका ताटात जेवतोय,
तरी सप्टेंबरात जंगलात मला तीन चकरा फिरवतो.
मला ती जागा ठाऊक आहे. वीजतारांच्या मागे,
पडक्या बर्चपाशी.
मी सांगत नाही.

नोव्हेंबरात मार्ट संताच्या संध्याकाळी
पोरं मुखवटे घालून दारात गाणी म्हणत होती,
मी आतल्या खोलीत तापानं फणफणलेली.
त्यानं त्यांना सफरचंदं दिली, दार हळू लावलं.
बरी झाल्यावर चष्मा शोधताना वही हाती लागली.
वारा वायव्येचा. हंस नाहीत.
त्याखाली, पेन्सिल दाबून:
रात्री खोकला ५६.
दुसऱ्या पानावर ४१.
मग १९. मग ७, आणि सातापुढे एक फुली,
तो दुर्मीळ पक्ष्याला करतो तशी.
मी वही होती तिथे ठेवली.
चष्मा माझ्या डोक्यावरच होता.

नाताळात पाणी उतरलं, फेरी बंद.
रक्ताचे सॉसेज आणि आंबट कोबी
आम्ही दोघांनीच खाल्ला, तीन दिवस.
पोरं सत्तावीसला पोचली. झाड तोवर निम्मं झडलेलं.

आता जानेवारी. माझ्या छातीचा फोटो काढायचा,
म्हणून सकाळच्या फेरीनं निघालोय.
लोक वर कॉफी प्यायला गेले,
आम्ही गाडीतच बसून.
खाली काळं पाणी, कुठे बर्फाचा पापुद्रा नाही.
फेरी धक्क्यापासून सुटली तशी
त्यानं न बघता हात लांबवला
आणि माझा बेल्ट सोडला.

"मोजलंस का रे आज?"
"चार," म्हणाला. "काठाला."